वहीतलं एकोणचाळीस

धाकट्यानं संमतीपत्राच्या चार घड्या केल्या, ते उशीखाली सारलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

"सही नाही करणार," तो म्हणाला. "टेबलावर जाण्यापेक्षा घरच्या पलंगावर जातो. वहीत लिहिलंय ते चुकत नाही."

ताईच्या अंगाचा तिळपापड झाला. ती त्याच्याहून आठ वर्षांनी मोठी. त्यात चष्म्याच्या दुकानात वीस वर्षं गिऱ्हाइकांना "खालची ओळ वाचा, खालची" म्हणून बजावण्यात गेलेली. नीट न वाचता बोलणाऱ्या माणसांचा तिला मुळातच राग. पण आजारी माणसावर ओरडायचं तरी कसं? सर्जनबाईंनी सकाळीच तिला आणि आईला बाजूला घेऊन सांगितलं होतं. पोटातली मोठी रक्तवाहिनी फुगली आहे. उद्या आठ वाजता शस्त्रक्रिया झाली तर माणूस दहा दिवसांनी आपल्या पायांनी घरी जाईल. त्याआधी फुटली तर कुणाच्या हातात काही राहणार नाही. सही आज संध्याकाळी सहापर्यंत हवी, नाहीतर उद्याची जागा दुसऱ्या रुग्णाला जाईल आणि पुढची तीन आठवड्यांनी मिळेल.

"आणि तीन आठवड्यांची हमी मी देत नाही," असंही त्या म्हणाल्या होत्या.

आडवी येत होती ती वही. कातडी पुठ्ठ्याची, जाडजूड, चार पिढ्या सांभाळलेली. तिच्या शेवटच्या पानांवर घरातल्या पुरुषांचे मृत्यू लिहिलेले. खापरपणजोबा, काचेच्या भट्टीवर फुंकणी चालवणारे, एक्क्याऐंशी साली वारले, वय एकोणचाळीस. त्यांचा मुलगा, म्हणजे पणजोबा, त्याच भट्टीवरचे, पुढच्या शतकाच्या सहाव्या वर्षी वारले, वय अडतीस. त्यांच्यानंतर भट्टी विझली. आजोबा बोटीवर नोकरीला गेले ते परत आलेच नाहीत. त्यांच्या नावापुढे वय नव्हतं, पण घरच्यांनी तिथेही मनातल्या मनात एकोणचाळीस भरून टाकलं होतं. आणि सगळ्यात खाली, आईच्या अक्षरात, बाबा. वय एकोणचाळीस. तेव्हा ताई बारा वर्षांची होती आणि धाकटा चार.

घराण्यातला पुरुष चाळिशी पाहत नाही, हे या घरात काळ्या दगडावरची रेघ होतं. आमच्याकडे सगळ्यांचे केस लवकर पिकतात, असं जितक्या सहज सांगावं, तितक्या सहज ते सांगितलं जाई. धाकट्यानं लग्न केलं नाही ते याच पायी. आता त्याला अडतीस पूर्ण होऊन नऊ महिने झाले होते आणि तो मुकाट्यानं आवराआवरीला लागला होता. लेथवरची स्वतःची हत्यारं त्यानं गेल्याच महिन्यात कारखान्यातल्या मित्रांना वाटून टाकली होती.

ताईनं गेल्या आठवड्यात दुकानातून दोनदा सुट्टी घेतली होती ती जुन्या दप्तरखान्यात बसायला. तिथे गेल्या-त्याच्या-गेल्या शतकातल्या शिरगणतीच्या वह्या होत्या, दर दहा वर्षांची एक. एकावन्न सालच्या वहीत तिला खापरपणजोबा सापडले, वय बावीस. म्हणजे एक्क्याऐंशी साली बावन्न! ती धावतच धाकट्याकडे गेली होती. त्यानं खांदे उडवले. मग ती एकाहत्तरची नक्कल घेऊन आली, वय बेचाळीस. तरी पालथ्या घड्यावर पाणी.

"दोन्ही वेळा घरातल्या बाईनं सांगितलंय, इथे लिहिलंयच की," तो म्हणाला होता. "आईनं चुकीचं सांगितलं, तेच बायकोनं पुढे रेटलं. आणि आपली वही कुणी लिहिली? पोटच्या मुलानं, बापाच्या मरणाच्या दिवशी. तू कुणावर विश्वास ठेवशील? मधलं एकसष्ट आण, मग बघू."

"आणते," ताई आता त्याच्या पाठीला म्हणाली. "पण आज आणलं तर सही करायची."

त्यानं चादर खांद्यावर ओढून घेतली. आई मात्र कोपऱ्यातल्या खुर्चीवरून तिच्याकडे अशी बघत होती की जणू काही सांगायचं आहे आणि जीभ उचलत नाही. सत्तरीच्या बाईला दोन रात्रींचं जागरण, ताईला वाटलं, आणि ती निघाली. साडेदहा वाजले होते.

दप्तरखान्यात लांब टेबलं, हिरवे दिवे, फक्त पेन्सिल वापरायची परवानगी, आणि खिडकीशी बसलेला म्हातारा कारकून. सगळे त्याला नंबरकाका म्हणत. समोर आग लागली तरी हा आगीचा नंबर विचारेल, अशी त्याची ख्याती.

"एकसष्ट साल, काका. भट्टीच्या गल्लीतलं घर."

"गल्ली नको. नंबर द्या. इथे बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर असा कारभार आहे."

तिनं घराचा नंबर दिला. वही यायला पाऊण तास लागला. घर सापडलं. घरात बायको होती, सासू होती, दोन मुलं होती. नवऱ्याच्या जागी कोरी रेघ.

तिनं पुढची पानं चाळली, मागची चाळली. शेजारची घरं, पलीकडची गल्ली. एक वाजला. जेवणाच्या सुट्टीत दप्तरखाना बंद करतात म्हणून तिला बाहेर काढलं गेलं. पायरीवर बसून तिनं इस्पितळात फोन लावला. आई म्हणाली, "पोट दुखतंय म्हणतो. गोळी दिलीय." आवाज विझलेला होता.

दोन वाजता दार उघडलं तेव्हा ती सगळ्यात आधी खिडकीशी होती. तिचा चेहरा बघून नंबरकाकांनी पहिल्यांदाच नंबर विचारला नाही.

"सापडला नाही?"

"बायको आहे. नवरा नाही. पळून गेला की काय कोण जाणे." तिचा आवाज फाटला. "माझा भाऊ इस्पितळात आहे हो काका. मला तो माणूस आजच हवाय."

काकांनी चष्मा कपाळावर ढकलला. "करायचा काय हा?"

"काच फुंकायचा. भट्टीवर."

"अहो बाई, मग तो घरात कसा सापडेल? भट्टी रात्रीही चालायची. मोजणी एकाच रात्रीत, जो जिथे असेल तिथे मोजायचा. रात्रपाळीवर असेल तर कामावरच्या यादीत बघा. त्या वह्या वेगळ्या." आणि ते चक्क स्वतः उठून आत गेले.

ते आले तेव्हा सव्वातीन वाजले होते. वही पातळ होती, कडा उंदरांनी खाल्लेल्या. भट्टीचं पान एकच, त्यावर चौदा पुरुष. सातव्या ओळीवर तिचं बोट थांबलं. नाव तेच, बापाचं नाव तेच, घराचा नंबर तोच. धंदा, काच फुंकणारा.

वय एकोणीस.

तिनं पुन्हा वाचलं. एकोणीसच. एकावन्नला बावीस असलेला माणूस दहा वर्षांत तीन वर्षांनी लहान झाला होता. एकोणीस अधिक वीस, एक्क्याऐंशी साली एकोणचाळीस. वहीचा आकडा तंतोतंत. करायला गेलो एक आणि झालं भलतंच! धाकट्याला खोटं पाडायला निघालेली ती त्याचाच साक्षीदार घेऊन बसली होती. वही खरी, बायकोच चुकलेली. हे पान त्याला दाखवणं म्हणजे त्याच्या हातानं ते संमतीपत्र फाडणं.

नेऊच नये का? सापडलं नाही म्हणावं? क्षणभर तिला ते फार सोपं वाटलं. पण खोटं बोलून सही घ्यायची, आणि उद्या टेबलावर काही बरंवाईट झालं तर? साडेतीन झाले. काका लांबून तिच्याकडे बघत होते.

वीस वर्षांची सवय कामी आली. डोळे आपोआप खालच्या ओळीवर गेले. आठवी ओळ, फुंकणारा, वय सव्वीस. नववी, भट्टीत लाकडं घालणारा, वय अकरा, दाढीवर जुना व्रण. अकरा वर्षांच्या माणसाला दाढी? ती पुढे सरकली. दहावी. अकरावी. आणि बारावी ओळ वाचून ती अशी मोठ्यानं "अरे!" म्हणाली की पलीकडच्या टेबलावरच्या माणसाची पेन्सिल मोडली.

बाराव्या ओळीत लिहिलं होतं, फुंकणारा, वय दोन, विवाहित, मुले तीन.

काका आले, वाकले, वाचलं आणि हसायला लागले. मग तिनं पानाच्या तळाशी बोट ठेवलं तसं त्यांचं हसू थांबलं. तिथे मोजणाऱ्या अधिकाऱ्यानं बारीक अक्षरात लिहून ठेवलं होतं, सर्वांची वये भट्टीच्या मेस्त्रीने सांगितली.

"घरी बायको जन्मापासून मोजायची," ताई हळूच म्हणाली. "आणि मेस्त्री, माणूस कामाला लागला तिथपासून." पेन्सिलीनं तिनं समोरच्या कोऱ्या कागदावर वजाबाकी मांडली. एकसष्टला बायकोच्या हिशेबानं बत्तीस, मेस्त्रीच्या एकोणीस. फरक तेरा. एक्क्याऐंशीला बायकोच्या हिशेबानं बावन्न, वहीत एकोणचाळीस. फरक तेरा.

नकलेचा अर्ज, शिक्का, नंबर. काकांनी स्वतः झेरॉक्स काढली आणि वर म्हणाले, "नंबर मी नंतर टाकतो. तुम्ही पळा."

बस चौकात अडकली. शेवटचे दोन थांबे ती धावत गेली. इस्पितळाचा जिना चढून वर आली तेव्हा पाच वाजून पंचवीस मिनिटं झाली होती आणि धाकटा घामानं भिजून उशीला टेकून बसला होता.

त्यानं कागद वाचला. दोन वर्षांचा तीन पोरांचा बाप वाचून त्याच्या तोंडाचा कोपरा हलला, पण लगेच घट्ट मिटला.

"ही मेस्त्रीची तऱ्हा. आपल्या वहीत पण तसंच मोजलंय कशावरून?"

"वही कुठाय?"

वही आईच्या पिशवीत होती. गेल्या आठ दिवसांत तिनं ती घरी एकटी ठेवली नव्हती. ताईनं ती त्याच्या मांडीवर ठेवली. "मरणाची पानं आपल्याला पाठ आहेत. पहिली पानं कधी उघडलीस? मी तरी नाही. तूच उघड."

पहिली पानं एकमेकांना चिकटलेली होती. त्यानं ती नखानं सोडवली. त्यांवर जन्म नव्हतेच. एकेका पुरुषाच्या नावाखाली फुंकणीचं छोटं चित्र, आणि भट्टीवर त्याच्या हाती फुंकणी दिल्याची तारीख. भट्टी विझल्यावर त्या तारखांना घरात कुणी विचारलंच नव्हतं. खापरपणजोबा, साल बेचाळीस. पणजोबा, साल अडुसष्ट.

लेथवर काम करणारा माणूस, त्याला वजाबाकी सांगावी लागली नाही. एक्क्याऐंशीतून बेचाळीस गेले, एकोणचाळीस. पुढच्या शतकाच्या सहाव्या वर्षातून अडुसष्ट साल गेलं, अडतीस. त्यानं दोन्ही आकडे मागच्या पानांशी लावून पाहिले. मग परत पाहिले.

"म्हणजे ते मेले तेव्हा..."

"पन्नाशी ओलांडून. दोघेही. तेरा-तेरा वर्षांची पोरं लागायची भट्टीवर."

घड्याळात साडेपाच वाजून गेले होते. मग त्यानं मान वर केली.

"मग बाबा? बाबा कुठल्या भट्टीवर होते? ते तर पोस्टात होते. त्यांचं एकोणचाळीस कसं काय?"

याचं उत्तर ताईच्या कुठल्याच कागदात नव्हतं. उत्तर खुर्चीवरून आलं.

"ते वाचले असते," आई म्हणाली.

दोघांनी वळून पाहिलं. आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"पोटात दुखत होतं त्यांच्या. आठ दिवस. डॉक्टर घरी आले होते, गाडी दाराशी उभी होती. म्हणाले, आत्ता चला, कापून काढू, बरे व्हाल. यांनी वही उघडून त्यांना दाखवली. म्हणाले, डॉक्टर, माझं वर्ष आलंय, तुमचा वेळ कशाला घालवता. मी पाया पडले. ऐकलं नाही." तिनं पदराचं टोक सोडलं. "तुम्हाला कधी सांगितलं नाही. बाप तुम्हाला सोडून स्वतःहून गेला, असं पोरांना कुठल्या तोंडानं सांगायचं? वही खरी आहे म्हणून गेला, हेच बरं वाटलं. मीच लिहिलं मग. वय एकोणचाळीस."

तिनं उठून वही धाकट्याच्या मांडीवरून घेतली, शेवटचं पान काढलं आणि आपल्याच अक्षरावर बोट ठेवलं.

"एवढ्या सगळ्या वहीत खरोखर एकोणचाळिसाव्या वर्षी गेलेला माणूस हा एकच."

धाकटा रडला. मोठ्यानं, चार वर्षांच्या पोरासारखा, पोटावर हात दाबून. ताईनं त्याचं डोकं धरलं आणि तीही रडली. आई मात्र रडली नाही. तिनं उशीखालून संमतीपत्र काढलं, घड्या मांडीवर सरळ केल्या आणि त्याच्या हातात पेन दिलं. त्यानं सही केली. सही वाकडी आली.

सहाला दहा कमी असताना नर्स आली. तिनं कागद तपासला. "वयाचा रकाना राहिलाय," ती म्हणाली. "किती?"

धाकटा अजून डोळे पुसत होता.

"अडतीस," आई म्हणाली. "जन्मल्यापासून."

नर्सला काही कळलं नाही. तिनं अडतीस लिहिलं आणि ती कागद घेऊन गेली.