बिनऔषधाचे दिवस

१९५६च्या उन्हाळ्यात घाटकोपरच्या एका लहानशा प्रसूतिगृहात नर्स उत्तराच्या डोळ्यांदेखत एक बाळंतीण गेली. रक्त थांबलंच नाही. डॉक्टर म्हणाले, तुमची काही चूक नव्हती. मेट्रन माणिकबाईही तेच म्हणाल्या. उत्तरा दुसऱ्या दिवशी वेळेवर कामावर आली.

आठवड्यानं, भरदुपारी चादरींच्या घड्या घालताना तिची छाती एकाएकी धडधडू लागली. बोटं बधिर झाली, श्वास आत जाईना. आता आपण मरतोय, अशी तिची खात्रीच झाली. पंधरा मिनिटांत सगळं ओसरलं, पण मग ते रोजच येऊ लागलं. डॉक्टरांनी तपासलं. "हृदय ठणठणीत आहे. मनाचा थकवा," म्हणाले आणि मन शांत करणारं ब्रोमाइडचं औषध दिलं. धडधड कमी झाली, पण हातपाय जड पडले. चौथ्या दिवशी आंघोळ घालताना एक तान्हं मूल तिच्या हातून निसटलं. माणिकबाईंनी वरच्यावर झेललं. उत्तरानं औषधाची बाटली मोरीत ओतून टाकली.

"मग निभावणार कसं?" माणिकबाईंनी विचारलं.

"ठाऊक नाही. पण गुंगीत कुणाच्या पोराला हात लावणार नाही."

"बाळंतिणीला सोडून पळालीस ना, तर मला तुला घरी बसवावं लागेल, उत्तरा."

"सोड ना मग नोकरी," नवरा, विद्याधर, म्हणायचा. घरी स्टोव्हपुढेही तिचे हात बधिर होत होते, हे तिनं त्याला सांगितलंच नव्हतं.

ती कोपरापर्यंत गार पाणी ओतून घ्यायची, गार फरशीवर टाचा दाबून उभी राहायची, खिडकीचे गज मोजायची. आज जे लागू पडे, ते उद्या पडत नसे. कधी संडासात कडी लावून, तोंडात पदराचा बोळा कोंबून ती नुसती बसून राहायची.

श्रावणात एका सकाळी रुक्मिणी आली, मालवणकडची, पहिलटकरीण. डॉक्टर बाहेर गेले होते, माणिकबाई पलीकडच्या खोलीत दुसऱ्या बाईपाशी अडकल्या होत्या. कळा जोरात सुरू झाल्या आणि चादरीवर रक्ताचा पहिला डाग उमटला. उत्तराचा श्वास अडकला. ती दाराकडे वळली.

रुक्मिणीनं तिचं मनगट घट्ट धरलं. "बाय, माका सोडून जाव नको."

"मी माणिकबाईंना बोलावते."

"तुमचे हात कापतत. तुमका भीती वाटता?"

उत्तराच्या तोंडून खरं तेच निघून गेलं. "हो. फार."

"माकापण," रुक्मिणी म्हणाली आणि किंचाळली.

उत्तरा परत फिरली. "माणिकबाई, इकडे या!" ती ओरडली, पण जागची हलली नाही. "तोंडानं श्वास सोड. लांब. अजून लांब," ती सांगत होती आणि स्वतःही सोडत होती. भीती तसूभरही हटली नाही. डोकं दिसलं, मानेभोवती नाळ. बोटांना स्पर्शच कळत नव्हता, म्हणून तिनं डोळे रोखून, नजरेच्या भरवशावर नाळ डोक्यावरून काढली. पोरगी रडली. उत्तरानं नाळ कापून तिला पाळण्यात ठेवलं.

खरी परीक्षा त्यानंतर होती. वार पडली, तरी रक्त येतच होतं. गर्भाशय आवळावं म्हणून एका हातानं रुक्मिणीचं पोट चोळत उत्तरा घड्याळाकडे पाहत राहिली. कानांत घण पडत होते. मनात एकच: ही पण जाणार. वीस मिनिटांनी रक्त मंदावलं, मग थांबलं.

माणिकबाई पलीकडचं बाळंतपण उरकून धावत आल्या तेव्हा उत्तरा घामानं निथळत भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती.

"आलं होतं?"

"अजून आहे," उत्तरा म्हणाली. "उठवत नाहीये मला."

माणिकबाईंनी रुक्मिणीची नाडी पाहिली, लेकीला तिच्या कुशीत दिलं. मग तसराळ्यात पाणी आणून उत्तराचे रक्ताळलेले हात धुतले. रागावल्या नाहीत. "आल्याबरोबर मला सांगायचं," एवढंच म्हणाल्या. "लपवायचं नाही."

उत्तरानं नोकरी सोडली नाही. ते येणं थांबलं नाही. दिवाळीच्या आदल्या दिवशी तर जिन्यातच आलं, कठडा धरून ती पायरीवर बसली. माणसं बाजूनं चढत-उतरत होती. ती लांब श्वास सोडत राहिली, आणि ते ओसरायला त्या दिवशी पाऊण तास लागला.