पावाची दफनभूमी

राय धान्याच्या काळ्या पावाचा काप मंद आचेवर वाळवला तर वाकत नाही. आच जास्त झाली की कडा आधी सुकतात, मधला भाग ओला राहतो आणि काप पन्हळीसारखा वळतो. मारिटचा पहिला ट्रे असाच वाया गेला. दुसऱ्यातले काप मात्र पत्त्यांसारखे सरळ निघाले. त्यांचा माथा मुळातच गोल होता. खालची कड सुरीने सपाट केली की झाला थडग्याचा दगड.

उद्या तिच्या लेकीच्या, एल्सीच्या वर्गात हॅलोविनची पार्टी होती. शाळेत गोळ्या-चॉकलेटं चालत नव्हती, शेंगदाणे-बदाम तर नाहीच नाही. सप्टेंबरमध्ये बाईंनी पालकांना विचारलं होतं, खाऊ कोण करेल? मारिटने हात वर केला. त्या महिन्यात ती सगळ्यालाच हो म्हणत होती. हो म्हटलं की लोक कीव येऊन बघायचं थांबवतात, असा तिचा अनुभव होता.

टेबलावर सोललेली संत्री मांडली होती, प्रत्येकाच्या डोक्यात सेलरीचा हिरवा देठ, म्हणजे ते भोपळे. अर्ध्या केळ्यांना बेदाण्याचे डोळे लावून भुतं केली होती. गाजराच्या कांड्यांना टोकाशी भोपळ्याची एकेक बी चिकटवली होती, ती चेटकिणीची बोटं. आणि मधोमध मोठ्या थाळ्यात काळ्या राजम्याचं दाट वाटण पसरलेलं, ती दफनभूमीची माती. तिच्यात पावाचे दगड उभे करायचे होते.

दगडांवर नावं घालायचं काम एल्सीकडे होतं. पिशवीचा कोपरा कापून तिच्यातून ती क्रीम चीजची बारीक रेघ काढत होती. प्रत्येक नावाला जीभ बाहेर येत होती. सात वर्षांच्या मानाने अक्षर बरं होतं.

मागचं दार वाजलं नाही, नुसतं उघडलं. असं फक्त अर्लीनच येत असे. ती मारिटच्या नवऱ्याची, कर्टची आई, दोन गल्ल्या पलीकडे राहायची. तिने हातमोजे न काढताच टेबलाला एक फेरी मारली.

"गाजराला नख लावलं म्हणून ते गोड होत नाही, मारिट."

"गोड करायचंच नाहीये. शाळेचा नियम आहे."

"आमच्या वेळी पाकातल्या लाह्यांचे लाडू असायचे, डोक्याएवढे. कुणी मेलं नाही." शेवटचा शब्द तोंडातून निसटला तशी अर्लीनने नजर केळ्यांकडे वळवली. मग घाईने म्हणाली, "केळी बरी दिसतायत. थोडी नॉर्मनसारखी."

"आजोबा असे दिसायचे?" एल्सीने विचारलं.

"सकाळी उठल्या उठल्या, दात बसवायच्या आधी."

एल्सी हसली. मारिटही हसली असती, पण अर्लीन तिच्याजवळ, सिंकपाशी येऊन उभी राहिली होती आणि आवाज खाली आणत होती. म्हणजे ती कशासाठी आली आहे ते उघड होतं.

"दगडवाल्याचा फोन आला होता. जमीन गोठायच्या आत पाया घालायला हवा म्हणतो. शुक्रवारपर्यंत सांगा, नाहीतर वसंतात बघू."

कर्ट फेब्रुवारीत गेला होता. दारातला बर्फ ढकलता ढकलता खाली बसला तो उठलाच नाही. जमीन दगडासारखी, त्यामुळे पुरायला मे उजाडला. तेव्हापासून त्या जागी पत्र्याची वीतभर पाटी होती. गावात नवरा-बायकोचा दगड एकच असतो, दोघांची नावं कोरलेला. गेलेल्याच्या दोन तारखा, मागे राहिलेल्याची एकच, तिच्यापुढे रेघ आणि कोरी जागा. अर्लीनला तसाच दगड हवा होता. मारिट जूनपासून "बघते" म्हणत होती. ती जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत विहिरींचं पाणी तपासायची. निकाल हाती यायच्या आधी रकाना भरून ठेवायची तिथे पद्धत नव्हती. पण हे कारण सासूला सांगण्यासारखं नव्हतं.

"बघते," ती आताही म्हणाली.

अर्लीनने सुस्कारा सोडला आणि वळली. तेव्हा कुठे तिचं लक्ष पावाच्या कापांकडे गेलं. तिने चष्मा लावला.

"ब्रेडी. ऑस्टिन. मे-ली. अगं, ही तर वर्गातली पोरं."

"प्रत्येकाच्या वाट्यावर नाव हवं, असं बाईंनी कळवलंय. दोघांना पाव चालत नाही, त्यांचे मक्याचे केलेत. अदलाबदल व्हायला नको."

"मग चिठ्ठी लाव. जिवंत पोरांची नावं थडग्यावर कसली घालता? बघवत नाही."

मारिट चमचा पुसत होती. तो पुसून झाला तरी पुसत राहिली.

"माझं घातलेलं बघवतं," ती म्हणाली.

आपण हे बोलणार आहोत हे तिलाही माहीत नव्हतं. अर्लीनने एकेक बोट ओढत हातमोजे काढले.

"ते वेगळं."

"कसं?"

"हा खेळ आहे. ते खेळ नाही." अर्लीन खुर्चीवर टेकली. "नॉर्मनशेजारी माझं नाव अकरा वर्षं आहे. दर रविवारी फुलांना पाणी घालताना वाचते. आपल्याला कुठे जायचंय ते ठाऊक असलं की बरं वाटतं, मारिट."

"तुम्ही तेव्हा त्रेसष्ट वर्षांच्या होतात. मी एकोणचाळीस आहे."

"म्हणजे उद्या तू..."

"मी काही ठरवलेलं नाहीये."

"ठरव की. तू पुन्हा लग्न केलंस तर मी केक घेऊन येईन. मी तसली बाई नाही." तिने हातमोजे मांडीवर एकावर एक ठेवले. "पण मग तो तिथे एकटाच पडेल. माझा मुलगा आहे तो."

 आजवर मारिटला वाटत होतं की अर्लीनला लोक काय म्हणतील याची काळजी आहे. ही काळजी निराळी होती, आणि अशा काळजीला नाही म्हणणं अवघड होतं. तिने थाळा पुढे ओढला आणि हाताला काम म्हणून एकेक दगड मातीत रोवायला लागली. दगड सरळ उभे राहत होते. सगळे रोवून झाले तरी मातीत एक जागा मोकळी राहिली.

"एल्सी, तुझा कुठे आहे?"

"मी नाही केला."

"पाव संपला का?"

"नाही. मी संत्रं खाईन."

"अगं, सगळ्यांचे आहेत. तुझा का नाही?"

एल्सी पिशवीच्या तोंडाशी साचलेलं चीज बोटाने निपटत राहिली. मग कुणाकडेच न बघता म्हणाली, "आई, नाव लिहिल्यावर किती दिवसांनी जायचं असतं?"

"कुठे?"

"बाबाकडे. आजी फोनवर म्हणत होती, तुझं पण नाव लिहायचंय. शुक्रवारपर्यंत."

अर्लीन खुर्चीतून पुढे झुकली.

"वेडाबाई," अर्लीन म्हणाली, "माझं नाव अकरा वर्षं आहे तिथे. मी गेले का?"

एल्सीने आजीकडे नीट पाहिलं, जणू खात्री करून घेत होती.

"तू म्हातारी आहेस, आजी. तुझं चालतं."

 अर्लीन हसेल असं वाटत होतं, पण हसली नाही. तिने हात लांब करून नातीच्या गालावरचं चीज पुसलं आणि मारिटकडे पाहिलं. ती नजर विचारत होती, पण या खेपेला मागत नव्हती.

मारिटने हात धुतले, पुसले आणि एक हात एल्सीच्या खांद्यावर ठेवला. तिला वाटलं होतं की हे शब्द कधी निघालेच तर रागाने निघतील. तसं झालं नाही.

"अर्लीन, त्याच्या शेजारची जागा आहे तशी राहू दे. तिचं काय ते मी पुढे बघेन. पण दगडवाल्याला कळवा, नाव एकच कोरायचं. कर्टचं. माझं नाही."