बीकनमधली ओळ

रक्त-लघवी तपासण्यात आयुष्य गेलेल्या लॅबवाल्या बाईंना पंचेचाळिशीत रेडिओचं खूळ लागलं. तेही बोलायच्या रेडिओचं नाही, लिहायच्या. आपण कॉम्प्युटरवर ओळ लिहायची, एका डबीनं तिची किरकिर करायची, सेटनं ती किरकिर हवेत सोडायची आणि दूर कुणाच्या तरी डबीनं तिची पुन्हा अक्षरं करायची. याला पॅकेट रेडिओ म्हणतात. परीक्षा देऊन परवाना तर त्यांनी मिळवला, पण घोडं अडलं ते सामानावर. नवऱ्यानं सामानाच्या किमती पाहिल्या आणि म्हणाला, "त्यापेक्षा फोन कर की सरळ!"

रेडिओ दुरुस्त करणारे काका मदतीला धावले. "काही विकत आणू नकोस," म्हणाले, "घरात काय काय पडलंय ते सांग." पडद्याच्या दांडीची अँटेना झाली. मेलेल्या हेडफोनच्या वायरीतून जोडणी निघाली. भाच्यानं टाकून दिलेला कॉम्प्युटर माळ्यावरून खाली आला. आणि सेट व डबी काकांनी स्वतःजवळचे दिले, जास्तीचे आहेत म्हणून. तीन आठवडे हा माणूस दुकान बंद करून रोज येत होता. काकांना जवळजवळ काहीच ऐकू येत नसे, त्यामुळे बाईंना प्रत्येक शंका बेंबीच्या देठापासून विचारावी लागे. काका मात्र प्रत्येक उत्तर दोनदा देत, न चिडता. सगळी अक्षरं कॅपिटल लिहू नकोस, हवेत ते ओरडणं समजतात, हेही त्यांनीच शिकवलं.

त्या सकाळी यंत्र पहिल्यांदा नीट चाललं. आता बीकन लावून पाहायचं होतं. बीकन म्हणजे आपण ठरवलेली एक ओळ यंत्र दर दहा मिनिटांनी आपणहून हवेत सोडतं, ऐकणारा कुणी असो वा नसो. काय लिहावं? नवरा चहा घेऊन पाठीशी उभा होता. त्याला हसवायला बाईंनी रोमन अक्षरांत ठोकून दिलं: ठार बहिऱ्या म्हाताऱ्याशी ओरडून ओरडून घसा बसला, पण यंत्र लागलं एकदाचं. नवरा हसला. बाईही हसल्या. ही ओळ काढून चांगली ओळ घालायची होती, पण लॅबला उशीर होत होता. कॉम्प्युटर तसाच चालू ठेवून बाई पळाल्या.

संध्याकाळी दार उघडून पाहतात तर कॉम्प्युटरचा पडदा ओळींनी भरून गेलेला. काकांनी आदल्या दिवशीच आपल्या सेटवरून हवेतल्या सगळ्या दोस्तांना कळवून ठेवलं होतं, हे बाईंना तेव्हा कळलं: "उद्या माझी विद्यार्थिनी हवेत येणार. स्वागत करा." आणि लोक खरोखरच वाट बघत बसले होते. खाली एकेकाच्या ओळी होत्या. "बहिरा कोण? आपले काका?" "म्हणूनच ते कधी बोलायच्या रेडिओवर येत नाहीत होय!" "बिचारे. इतक्या वर्षांत कधी कळू दिलं नाही."

बाईंनी हिशेब केला. दहा तास, साठ वेळा, खाली स्वतःच्या कॉलसाइनसकट, म्हणजे परवान्यावर मिळालेल्या हवेतल्या नावासकट. त्यांनी यंत्र बंद केलं आणि पायात चपला सरकवून थेट दुकान गाठलं. वाटेत कुणी ओळखीचं दिसलं तरी मान वर केली नाही. आपल्याइतकं हलकं माणूस या जगात नसेल असं त्यांना वाटत होतं, आणि त्या दिवसापुरतं ते फारसं चूकही नव्हतं.

काका कॉम्प्युटरसमोर स्टुलावर बसले होते. एक गिऱ्हाईक मिक्सर घेऊन उभं होतं.

"काका, चुकलं माझं!" बाई ओरडल्या. हळू बोलून उपयोग नव्हता. "बीकन काढायचं राहिलं! मी ते गमतीनं लिहिलं होतं!"

गिऱ्हाईक मिक्सर धरून दोघांकडे पाहत राहिलं.

"चांगलं चाललंय तुझं यंत्र," काका म्हणाले. "एक अक्षर गळलं नाही."

"मी आत्ता जाते, सगळ्यांची माफी मागते! माफीचीच ओळ बीकनला लावते, दर दहा मिनिटांनी!"

"नको." काकांनी हात वर केला. "अकरा वर्षं ही माणसं माझ्याशी बोलताहेत. डोंगरापलीकडचा तो बेकरीवाला आहे ना, त्याचं माझ्याशी रोज भांडण. मूर्ख म्हणतो मला, मी त्याला गाढव म्हणतो. दुकानात सगळे मला सांभाळून घेतात गं. तिथं कुणी घेत नव्हतं. तिथं मी बहिरा नव्हतो."

"मी सांगते त्यांना..."

"काय सांगशील? मला ऐकू येतं म्हणून?"

एवढ्यात पडद्यावर बेकरीवाल्याची ओळ उमटली. काका, जेवण झालं का, तब्येतीला जपा, एवढंच होतं त्यात. पण पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळी अक्षरं कॅपिटल होती.

काकांनी ती वाचली आणि चष्मा काढून पुसायला घेतला.

"बघ," ते म्हणाले, "हाही ओरडायला लागला."