मिठातली गाठ

बाबांच्या वृषणावरची गाठ कणकवलीच्या डॉक्टरांनी काढली, तेव्हा ती चिंचोक्यापेक्षा थोडी मोठी होती. "बहुतेक साधी असेल, पण तपासून घेऊ," म्हणाले आणि औषधात बुडवलेली गाठ बाटलीत घालून दिली. लॅबमध्ये नातेवाइकांनीच पोचवायची होती.

मी नेते म्हटलं. बाबांनी तोंड फिरवलं. तसली वस्तू मुलीच्या हातात द्यायची नव्हती. त्यांनी धाकट्या भावाला, शंकरकाकाला, हाक मारली.

"सांभाळून ने रे. आपल्या वंशाचो दिवो आसा."

"दिवो खंयचो! काजळी म्हण."

बाबा टाके धरून हसले.

शनिवार होता. काका पोचला तेव्हा लॅब बंद झाली होती. तो बाटली घेऊन मालवणला घरी गेला. झाकणातून औषध पाझरत होतं, त्याचा वास डोळ्यांना झोंबत होता. काकाने आयुष्यभर बांगडे खारवले. "ह्या घाण पाण्यात सोमवारपर्यंत कुजतली," असं काकीला सांगून त्याने औषध माडाच्या मुळाशी ओतलं, गाठ जाड्या मिठात पुरली आणि बाटली घट्ट बंद केली. सोमवारी लॅबमध्ये देऊन आला. आपण गाठ वाचवली, असंच त्याला वाटत होतं.

रिपोर्ट बाबांनी स्वतः आणला. डॉक्टरांनी पूर्ण वृषण काढून पुन्हा तपासायला सांगितलं होतं. ते बाबांनी कुणाला कळू दिलं नाही. घरी येऊन म्हणाले, "साफ आसा." काकाने देवीला नारळ दिला.

दहा महिन्यांनी बाबांना खोकल्यातून रक्त पडलं. कॅन्सर फुप्फुसात पोचला होता. शेवटच्या आठवड्यात त्यांनी मला सगळं सांगितलं आणि वर म्हणाले, "शंकराक सांगू नको. भोळो आसा तो. कळला तर मरात."

मी नाही सांगणार म्हटलं.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी काका माझ्यासमोर येऊन बसला. हातात घडी घातलेला कागद होता.

"भाऊच्या पिशयेत गावलो. इंग्रजीत आसा. साफ होता मां गो बाय? मग तो गेलो कसो? वाचून दाखय."

कागदावर दोनच ओळी होत्या. साफ आहे एवढं म्हटलं असतं, तर तो उठून जेवायला गेला असता. त्याचं पान वाढलेलं होतं.

मी वाचलं. कचेरीत वाचतात तसं, शुद्ध मराठीत.

"नमुना औषधाऐवजी मिठात आला आहे. पेशी आकसल्यामुळे निदान करता येत नाही."

काका माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मी थांबले नाही.

"नमुना नीट आणला असता, तर रुग्ण वाचला असता."

ही तिसरी ओळ कागदावर नव्हती. ती गाठ तेव्हा कसली होती, हे कुणालाच माहीत नाही. आता कळणारही नाही.

"परत वाच."

मी परत वाचलं. तिन्ही ओळी.

स्वयंपाकघरातून काकीने जेवायला हाक मारली. तो कागदावर वाकला. त्याने विचारलं, "माझा नाव आसा त्यात?"

"आहे."

"खंय?"

मी डॉक्टरांच्या सहीवर बोट ठेवलं.