पहिल्या चेंडूवरची एक धाव

धावपत्रकात दर षटकाची एक चौकट असते आणि तिच्यात सहा चेंडूंच्या सहा जागा. या चौकटीत पहिल्या जागी एकचा आकडा होता, पुढे तीन ठिपके आणि पाचव्या जागी बळीची खूण. एक धाव घेऊन चांगला फलंदाज पलीकडे गेला होता आणि अकराव्या नंबरचा बाद झाला होता.

मी निवड समितीसाठी आकडे काढते. मला मताचा अधिकार नाही. त्या दिवशी खोलीत अध्यक्ष होते, ज्यांना सगळे सर म्हणतात, आणि काका, म्हणजे जुने यष्टिरक्षक. तिसऱ्या सदस्याने आपलं मत सरांवर सोपवलं होतं. संघ चार वाजता जाहीर करायचा होता.

"खांबाचं काय?" काकांनी विचारलं.

मधल्या फळीतल्या त्या फलंदाजाला संघात खांब म्हणत. वय छत्तीस. बाराव्या वर्षापासून सरांनी त्याला शिकवलं होतं. गेल्या तीन मालिका त्याला काढायचा विषय निघाला की सर 'पुढच्या वेळी बघू' म्हणत.

"अठ्ठेचाळीसची सरासरी आहे," सर म्हणाले. "काढलं तर लोक वेड्यात काढतील."

"लोक तसेही काढतातच. निदान कारण तरी देऊ."

मी कागद सरकवला. "सर, सरासरी काढताना धावांना डावांनी नाही, बाद होण्यांनी भागतात. दोन वर्षांत सव्वीस डाव, सहाशे बहात्तर धावा. त्यात बारा वेळा नाबाद. डावांनी भागलं तर सव्वीससुद्धा येत नाहीत."

"नाबाद राहणं हा काय गुन्हा झाला?"

"नाही. पण बारापैकी नऊ वेळा समोरचा शेवटचा गडी बाद झालाय, आणि दर वेळी त्या षटकात याने पहिल्याच चेंडूवर एक धाव घेतलीय."

"क्षेत्ररक्षण पसरलेलं असतं, बाई. फुकटची धाव कोण सोडेल?"

हा आक्षेप मी आधी स्वतःच घेऊन पाहिला होता. "तोच सोडायचा. आधीच्या सहा वर्षांत तळाच्या फलंदाजांबरोबर खेळताना घेतलेल्या अठ्ठावन्न एकेरी धावांपैकी षटकाच्या पहिल्या दोन चेंडूंवर फक्त नऊ. आता एकतीसपैकी बावीस."

"म्हणजे बिचाऱ्या गोलंदाजाला तोफेच्या तोंडी द्यायचं," काका म्हणाले, "आणि आपण पलीकडे हातमोजे नीट करत उभं राहायचं."

सर हसले नाहीत. "स्वार्थी म्हणायचंय का तुम्हाला त्याला?"

"ते आकड्यांतून कळत नाही. पण त्या बावीसही धावा वेगवान गोलंदाजांच्या षटकांत आहेत; त्यांच्यासमोर उभं राहायचं तो टाळतोय, एवढं कळतं."

"कधीपासून?"

"हेल्मेटवर चेंडू बसला त्या सामन्यापासून."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. कागद उलटासुलटा केला.

"बोलला होता मला," ते म्हणाले. "आखूड टप्प्याचा चेंडू गोलंदाजाच्या हातातून सुटताना दिसतो, मग मध्येच हरवतो म्हणाला. मी म्हटलं, होईल नीट."

"डोळे तपासले?" काकांचा आवाज एकदम खाली आला.

"नको म्हणाला. मीही ताणलं नाही. सरासरी चांगली होती ना."

पावणेचार झाले होते.

"असं करू," सर म्हणाले. "विश्रांती दिली, असं लिहा."

मी लिहिलं नाही. "सर, विश्रांती म्हटलं की तो पुढच्या मालिकेची वाट बघत बसेल. डॉक्टरकडे जाणार नाही. पुढच्या दौऱ्यावरच्या खेळपट्ट्या उसळत्या आहेत. चेंडू कुठे बसेल हे मला गणित मांडून सांगता येणार नाही."

"सोळा वर्षं खेळलाय तो देशासाठी."

"हो. म्हणूनच त्याला खरं कारण कळायला हवं, आणि ते तुमच्याकडून."

काकांनी फोन सरांपुढे सरकवला. सरांनी नंबर न बघता लावला, पाठ होता. पलीकडून लगेच आवाज आला.

"जेवलास का?" सरांनी विचारलं. मग डोळे मिटले. "ऐक. मध्ये बोलू नकोस. तू संघात नाहीस. विश्रांती नाही, वगळलंय. मी वगळलंय. आणि उद्या सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरकडे मी तुझ्याबरोबर येतोय."