फेतूचे हात दिसेनात

माझी लेक फेतू हिला ऐकू येत नाही. ती हातांनी बोलते. लग्न होऊन ती ऑकलंडला गेली, तेव्हापासून दर रविवारी चर्चमधून येऊन जेवणं उरकली की मी लॅपटॉप उघडून बसते. तीन आठवड्यांपूर्वी पडद्याच्या खालच्या भागात एक अंधूक पट्टा आला, आणि आला तोही नेमका तिच्या हातांवर. तोंड लख्ख, हात काळोखात. ‘हात वर धर’ म्हटलं की क्षणभर धरायची, मग बोलण्याच्या भरात पुन्हा पोटापाशी. नववा महिना तिला! पडद्याचं सांगून तिला कशाला घोर लावायचा, म्हणून मी आपली हसून मान डोलवायची. फोनवर तिची बोटं तांदळाएवढी दिसतात, माझ्या डोळ्यांना काय कळणार? लिहायचा तिला कंटाळा; लिहून विचारलं तर एकच उत्तर यायचं, ‘मी मजेत.’

सोमवारी सकाळी तिचं सिझर ठरलं होतं. त्याआधीचा रविवार मला आंधळ्यासारखा घालवायचा नव्हता.

शनिवारी आमच्या बेटावरच्या सालेलोलोगाच्या बाजारात माझ्या विकायच्या तेलाच्या बाटल्या नवऱ्याच्या ताब्यात दिल्या आणि धक्क्याजवळच्या इओसेफोच्या दुकानात गेले. हा माणूस काहीही दुरुस्त करतो, पण बोलतो इतकं कमी की मला तो कधी आवडला नाही.

‘‘आपटला का?’’ त्याने विचारलं.

‘‘मी काय लहान आहे आपटायला?’’

त्याने लॅपटॉप दुकानातल्या टीव्हीला जोडला. टीव्हीवर चित्र स्वच्छ. ‘‘यंत्र ठीक आहे. दोष पडद्यात.’’ मग दिवा मालवून त्याने बॅटरीचा झोत पट्ट्यावर तिरका धरला, तर आतलं चित्र दिसायला लागलं. ‘‘चित्रही आहे. मागचा उजेडच नीट पुढे येत नाही.’’

‘‘म्हणजे विकणाराच चोर! मी तेव्हाच म्हटलं होतं...’’

‘‘मावशी, पडद्याला हात लावता?’’

‘‘मी? छे!’’

त्याने खालच्या फटीला नाक लावलं. ‘‘मोसोओईची फुलं घातलेलं खोबरेल. अख्ख्या सवाईई बेटावर असं तेल एकच बाई करते.’’

मग सांगितलंच. बोलणं संपलं की मी फेतूच्या हातांवरून हात फिरवते. दर रविवारी. माझे हात कितीही धुतले तरी तेलकटच, आणि ते तेल फटीतून आत झिरपत गेलं होतं. तीन आठवडे मी नवऱ्याला, पावसाला, विकणाऱ्याला शिव्या घालत होते.

इओसेफो हसला नाही. ‘‘आतले पापुद्रे सुटे करून पुसावे लागतील. एखादा फाटला तर पडदाच गेला. नवा ऑकलंडहून यायला महिना लागेल. उघडू?’’

‘‘उघड.’’

‘‘मग तुम्ही तिकडे बसा. लांब. कशाला हात लावू नका.’’

एरवी मला असं कुणी बोललं असतं तर त्याची खैर नव्हती. मी निमूट बसले. तो श्वास रोखून एकेक पापुद्रा काढत होता, स्पिरिटने पुसून पंख्याखाली वाळवत होता. दुपार टळली तरी तो जेवायला उठला नाही. शेवटी पडदा पांढराशुभ्र उजळला. मग त्याने खालच्या फटीवर पातळ पारदर्शक पट्टी चिकटवली आणि म्हणाला, ‘‘आता खुशाल हात फिरवा, मावशी.’’

मी तिथेच रडले.

रविवारी फेतू समोर आली. चेहरा नेहमीसारखा हसरा. पण हात पोटापाशी थरथरत होते, आणि ते म्हणत होते, ‘आई, मला भीती वाटते. मी मरेन असं वाटतं.’

मी विचारलं, ‘कधीपासून?’

‘तीन रविवार सांगतेय. तू हसत होतीस.’

मी तिची माफी मागितली. पडदा बिघडला होता, तुझा एक शब्द मला दिसला नाही, म्हणून सांगितलं. मग तिच्या जन्माच्या वेळी मी किती घाबरले होते, दाईचा हात कसा चावला होता, तेही सांगितलं. हे मी तिला कधीच बोलले नव्हते. ती खरंखुरं हसली. खूप वेळ बोलत राहिली, आणि मी एकेक शब्द पाहत राहिले.

मग तिचे हात शांत होऊन मांडीवर टेकले. तेही मला दिसलं. इओसेफो, देव तुझं भलं करो.