आगीची आणि माझी गाठ

मित्रांनो, मी एक जुना, तांबडा, सहा किलोचा सिलेंडर आहे. गॅसचा नव्हे, बरं का! माझ्यावर भात शिजत नाही. मी आग विझवायचा सिलेंडर. बेळगावात खासबागेत ज्योतिबाअण्णांचा साड्या विणायचा कारखाना आहे. तिथं दहा यंत्रमाग, छोट्या नळ्यांवर सूत गुंडाळून कांड्या भरायचं एक यंत्र आणि एकटा मी. बारा वर्षं मी त्या कारखान्यात काढली आणि काम केलं ते फक्त पंधरा सेकंद. आळशी म्हणून हसू नका. आधी ऐका.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पत्रा गोल वळवून मला घडवलं आणि पोटात पाणी दाबून भरलं. फुटलो नाही म्हणून पास झालो. मग अंगावर तांबडा रंग चढला, पोटात कोरडी पूड गेली, डोक्यावर दांडा आला आणि दांड्यात एक पिन बसली. ती पिन ओढल्याशिवाय माझा दांडा दाबला जात नाही. ज्योतिबाअण्णांनी मला विकत आणलं ते हौसेनं नव्हे. लायसनच्या कागदांत 'सिलेंडर आहे का' असा रकाना होता, तो भरायला आणलं.

पण आत आलो आणि मी थक्कच झालो. केवढा तो खडखडाट! आणि त्या खडखडाटात हजारो धागे कसे शिस्तीत चाललेले! त्यातला एखादा केसाएवढा धागा तुटायचा. मला तर कधी दिसायचाही नाही. पण माग चालवणाऱ्या गुंडूला तो दिसायचा. तो माग थांबवायचा आणि दोन बोटांनी अशी गाठ मारायचा की तुटलं कुठं ते शोधून सापडत नसे. विणकराची ती गाठ सुटत नाही, ओढाल तितकी घट्ट बसते. माणसाच्या बोटांत इतकं काही असतं हे मला तिथं कळलं.

माझं कौतुक मात्र कुणाला नव्हतं. पहिल्या वर्षी माझ्यावर कॅलेंडर टांगलं. मग डब्यांच्या पिशव्या आल्या. पुढं सुताची पोती आली आणि मी त्यांच्या मागं गेलो. मागच्या दाराचंही तेच झालं. पोत्यांवर पोती चढली आणि तिथं दार आहे हेच लोक विसरले.

यंदा दसऱ्याच्या आधी सुनयना आली. ती सिलेंडर तपासणाऱ्या एका दुकानातून आली होती. निपाणीची मुलगी. तिचे आजोबा तंबाखूच्या वखारीत हमाल होते आणि ती आगीपासून बचावाचा कोर्स करून नोकरीला लागलेली. तिनं मला पोत्यांमागून ओढून काढलं, पुसलं, नवी पूड भरली आणि पुढच्या दाराजवळ, हात पोचेल असं टांगलं. मग सगळ्यांना बोलावून दाखवलं.

"पिन ओढायची, नळी धरायची, दांडा दाबायचा. आणि मारायचं ते जाळाच्या बुडाला. वर न्हाय."

सगळे माना डोलवत होते, लक्ष जेवणाच्या सुट्टीकडं. फक्त कांड्या भरणारी नागुबाई पुढं सरकली. साठीची बाई, मागच्या कोपऱ्यात तिचं यंत्र.

"बाई, जाळ वर आस्तोय, मग खाली का वो मारायचं?"

"आक्का आता फायर ब्रिगेडात जाणार बगा!" गुंडू म्हणाला आणि सगळे हसले.

सुनयना हसली नाही. "आक्का, चूल इजवताना पाणी कशावर वतता? जाळावर का लाकडावर?"

"लाकडावर."

"मग हे बी तसंच."

जाताना सुनयना ज्योतिबाअण्णांना म्हणाली, "अण्णा, ती पोती काढा आणि मागचं दार मोकळं करा. मागांवरची धाग्यांची धूळ बी झाडून घ्या. लई लवकर पेटती ती."

"करू की. सणाची गडबड सरू दे." अण्णा माणूस वाईट नव्हते. 'करू की' हा त्यांचा आवडता शब्द होता, इतकंच.

खंडेनवमी आली. आमच्याकडं त्या दिवशी यंत्रांना विश्रांती आणि हत्यारांना देवपण. माग धुऊन पुसून झाले, पण छताच्या वाशांवरची आणि मागांखालची धूळ राहिली. कात्र्या, नट आवळायचे पाने, हातोडी हे सगळं पाटावर मांडून हळदकुंकू वाहिलं. एकदा पाटावर बसलेलं हत्यार दसऱ्यापर्यंत उचलायचं नाही, असा तिथला नेम. प्रत्येक मागावर उदबत्ती हवी. पण उदबत्तीची घरं दोनच. मग कुणीतरी युक्ती काढली. सूत गुंडाळलेल्या पुठ्ठ्याच्या कोनाला वर भोक असतंच, त्यात उदबत्ती उभी केली. दहा मागांवर दहा कोन, दहा उदबत्त्या! मला ते इतकं सुंदर दिसलं की भीती वाटायचीही राहून गेली.

मग अण्णा माझ्याकडं वळले. "ह्यो बी आपलाच गडी," म्हणाले. माझ्या गळ्यात झेंडूची माळ घातली आणि ती घसरू नये म्हणून रंगीत सूत घेऊन दांड्याला आणि पिनेला पाच वेढे दिले. वर गाठ मारली, विणकराची. बारा वर्षांत पहिल्यांदा मला कुणी आपलं म्हटलं होतं. मी फुलून गेलो. खोटं कशाला सांगू?

सगळे पुरणपोळी खायला अंगणात गेले. नागुबाई मात्र हातात एक फूल घेऊन मागच्या कोपऱ्यात चालली होती. मागांची पूजा झाली, कात्र्यांची झाली, माझीही झाली, पण तिच्या कांड्यांच्या यंत्राला फूल वाहायचं सगळे विसरले होते. ती आत आहे हे कुणालाही माहीत नव्हतं. मला दिसत होतं, पण मला तोंड कुठं?

सातव्या मागावरची उदबत्ती कोनासकट कलंडली. निखारा धुळीत पडला. आणि मित्रांनो, मी जन्मात पहिल्यांदा आग पाहिली. जिच्यासाठी मला घडवलं ती! आधी एक पिवळा ठिपका. मग मागाखालच्या धुळीवरून ती अशी पळाली की डोळा लवेपर्यंत तीन माग तिच्या कवेत होते. वाशांवर चढली, अर्धी विणलेली साडी एका घासात गेली. तिच्यापुढं मी किती लहान आहे, हे मला त्या क्षणी कळलं.

"आग! आग!" अंगणातून सगळे धावले. गुंडूनं बाहेरून मेन स्विच पाडला. कुणी फायर ब्रिगेडला फोन लावला.

"सगळी भाईर हाईत न्हवं?" गुंडूनं विचारलं.

"व्हय, सगळी." अण्णांनी न बघताच सांगितलं. "आत जाऊ नगा कुणी. जळू देत यंत्रं."

आणि तेवढ्यात धुराच्या पलीकडून खोकला ऐकू आला. अण्णांनी तो ओळखला. नागुबाई आत होती. तिच्या पुढं जळते माग, मागं पोत्यांनी गाडलेलं दार.

गुंडूनं झेप घेऊन मला खुंटीवरून काढलं आणि पिनेला हात घातला. पिन हलेना. त्यानं जोर लावला तशी गाठ आणखी आवळली. ज्या बोटांचं मला एवढं नवल, त्या बोटांनाही ती गाठ सुटेना.

"कात्री! अण्णा, कात्री!"

कात्र्या सगळ्या पाटावर. कुणी पुढं होईना. पूजेचा पाट मोडायचा कुणी? अण्णांनी एकदा पाटाकडं पाहिलं, एकदा धुराकडं. मग स्वतःच्या हातानं पाट विस्कटला, कुंकवानं भरलेली कात्री उचलली आणि सूत कापलं. त्यांचं मोठेपण मी त्या क्षणी पाहिलं. तोवरची त्यांची चूक मात्र त्यानं पुसली जात नाही.

पिन निघाली. गुंडूनं दांडा दाबला. माझ्या पोटातलं सगळं बळ नळीतून सुटलं आणि गेलं ते उंच ज्वाळांवर, वाया! एक सेकंद, दोन, तीन...

"खाली मार रं गुंड्या! बुडाला मार!"

आतून आवाज आला. धुरानं घोगरा झालेला, पण ठाम. स्वतः आगीत अडकलेली म्हातारी बाहेरच्यांना शिकवत होती! गुंडूनं नळी खाली केली. मी ओतत राहिलो. ज्वाळा बसल्या, मागांमधली वाट माझ्या पुडीनं पांढरी झाली आणि त्या पांढऱ्या वाटेवरून, जमिनीला पोट लावून, नागुबाई सरपटत आली. गुंडूनं तिला दंडाला धरून अंगणात ओढलं. तोवर मी पार रिकामा झालो होतो. मला कशाचंच वाईट वाटत नव्हतं.

वाशांवरची आग बंबानं विझवली. चार माग गेले. नागुबाईचा हात भाजला होता, केस करपले होते. अण्णा तिच्यापुढं मातीत बसले.

"आक्का, तू आत हाईस हे मला ठाऊकच न्हवतं गं."

"तेच तर म्हनते मी," नागुबाई खोकत म्हणाली. "ईस वर्सं झाली मला हितं, अण्णा. सिलेंडराला हार घातलासा. माणसं कवा मोजनार?"

अण्णा उठले आणि अंगणातलं एकेक माणूस मोजू लागले. या वेळी 'करू की' म्हणाले नाहीत.

आता माझ्या जागी तीन नवे सिलेंडर आहेत. त्यांना हार घालायला सुनयनानं बंदी केली आहे. मागचं दार उघडं असतं. मी रिकामाच आहे, माझ्यावर सगळे सराव करतात. आणि रोज जेवायच्या सुट्टीत, पहिला घास घ्यायच्या आधी, ज्योतिबाअण्णा अंगणात उभे राहून एकेक नाव पुकारतात. "व्हय" आल्याशिवाय पुढचं नाव घेत नाहीत.

मित्रांनो, तुमच्याही घरचं कुणी कारखान्यात, गोदामात, दुकानात कामाला जात असेल. आज ते घरी आले की त्यांना माझ्यासाठी एवढं विचारा. तिथं आग लागली, तर तुम्ही आत आहात हे कुणाला माहीत असेल का?